शेतकऱ्याने शेतकऱ्याकडून शिकायचं कसं: मुंबईतल्या आमच्या गटाची पद्धत, पहिल्या बैठकीपासून

गोराईच्या काकांच्या वालावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला होता. शेंडे काळे आणि चिकट झालेले, मुंग्यांची ये-जा चालू. त्या माव्यातच एक काळपट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सुसरीच्या पिल्लासारखी दिसणारी छोटीशी अळी फिरत होती आणि काका ती चिमटीत धरून चिरडत होते, हीच सगळं खाते म्हणून. आरेच्या पाड्यावरून आलेली मावशी बाजूलाच उभी होती, ती म्हणाली, "दादा, तिला नको मारू, ती मावा खाते, थांब नं जरा." मग आम्ही सहा-सात जण तिथेच बांधावर उकिडवे बसलो आणि नुसतं बघत राहिलो. त्या अळीने आमच्या डोळ्यांदेखत एक मावा पकडला, चोखून टाकला, पुढे सरकली, दुसरा पकडला. ती ढालकिड्याची अळी होती, म्हणजे आपण लहानपणी हातावर घेऊन खेळायचो तो लाल, काळ्या ठिपक्यांचा किडा, त्याचंच पिल्लू. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दोन वर्षं मी हिलाच मारतोय गं."

त्या दिवशी कुणी भाषण दिलं नव्हतं, कुणाला फी दिली नव्हती, पण काकांनी त्या सीझनला वालावर औषध मारलं नाही. तेव्हापासून मला पक्कं वाटतं की शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्याच्या शेतात उभा राहून डोळ्यांनी बघतो तेव्हाच त्याला पटतं, बाकी सगळं ऐकून घेतो आणि सोडून देतो. आमचा गट आता तीन वर्षं चालू आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटतो, आणि बरेच जण विचारतात की तुम्ही हे नक्की करता कसं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते. मुंबईत राहून ज्यांची गावाला शेती आहे, ज्यांची गोराई-मनोरीकडे वाडी आहे, जे गच्चीवर भाजी लावतात, त्यांच्यासाठी लिहिलंय, पण गावात राहणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं जसंच्या तसं चालेल.

आधी माणसं जमवा, पण गर्दी नको

दहा-बारा माणसं पुरे. गावात शेतीशाळा (शेतातच भरणारा शेतकऱ्यांचा वर्ग, त्याबद्दल पुढे सांगते) चालते तेव्हा पंचवीस-तीस शेतकरी असतात, पण ते सगळे एकाच शिवारातले असतात, एकच पीक घेतात. मुंबईत तसं जमत नाही, कुणी दहिसरचा, कुणी भांडुपचा, त्यामुळे छोटा गट बरा, म्हणजे कुणाच्याही वाडीत गेलं तरी पिकात पाय पडत नाहीत आणि प्रत्येकाला बोलायला मिळतं.

शोधायचं कुठे? तुमचं गाव कोकणात असेल तर सगळ्यात सोपी जागा म्हणजे तुमच्या गावाचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ. परळ-लालबागच्या खोल्यांपासून ते आता विरार-बदलापूरपर्यंत ही मंडळं आहेत, महिन्याला मीटिंग होते, तिथे पालखी, देवळाचा कळस, पाण्याची टाकी यावर चर्चा होते, पण शेतीचा विषय सहसा कुणी काढत नाही. एकदा उभं राहून विचारा की यंदा कुणाचं भात कसं झालं. आमच्या मंडळात मी विचारलं तर अर्धा तास लोक बोलतच होते, आणि त्यातून तीन माणसं गटाला मिळाली, त्यातले एक महाडकडचे, बसवर ड्रायव्हर होते, आता रिटायर होऊन अर्धा महिना गावीच असतात.

दोन गोष्टी मात्र पाळा. एक, गटात निदान तीन-चार जण असे हवेत ज्यांचं पोट शेतीवर आहे. आम्ही गच्चीवाले हौशीने लावतो, आमचं टोमॅटो गेलं तर आम्ही बाजारातून आणतो, पण काकांचं वांगं गेलं तर त्यांचा महिना जातो, त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला पहिली जागा. दोन, ज्याचे हात चिखलात असतात तो माणूस बैठकीला हवा. सातबाऱ्यावर नाव भावाचं, मीटिंगला येतो भाऊ, आणि लावणी, बेणणी, बियाणं राखणं सगळं करते वहिनी. माझीच माणगावची वहिनी घ्या, कुठल्या खाचरात पाणी कधी तुटतं हे तिला जेवढं माहीत आहे तेवढं घरात कुणालाच नाही. बायकांना जमेल अशी वेळ ठेवा, त्यांना मुद्दाम बोलवा आणि आल्यावर मागे चहा करायला पाठवू नका.

बैठक बांधावरच घ्या

सोसायटीच्या हॉलमध्ये घेतलेली आमची पहिली बैठक पूर्ण वाया गेली. पंखे, खुर्च्या, एकाने प्रोजेक्टर आणला, आणि मग जो चांगला बोलतो तोच बोलत राहिला. काका त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. तेच काका स्वतःच्या वाडीत असले की तासभर बोलायचं थांबत नाहीत.

त्यामुळे कुणाच्या तरी शेतात, वाडीत, गच्चीवर भेटायचं, आणि सकाळी लवकर. आम्ही बोरिवलीहून सकाळची फेरी बोट पकडतो आणि साडेसातला गोराईत असतो. सकाळी किडे सुस्त असतात, पानांवर सापडतात, ऊन वर आलं की मोजणी चुकते.

आता हे "शेतीशाळा" प्रकरण आलं कुठून ते थोडं सांगते, कारण ती पद्धत आम्ही जशीच्या तशी उचललीय. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे छोटे किडे, यायचे, शेतकरी फवारणी वाढवत गेले आणि तुडतुडेही वाढत गेले. कारण असं की औषधाने कोळी आणि बाकीचे मित्रकीटक आधी मरायचे, आणि तुडतुड्याची अंडी भाताच्या पानाच्या आवरणात लपलेली असल्याने वाचायची, मग ती फुटली की खायला कुणी शिल्लकच नाही. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने पहिल्या शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकऱ्यांनी आठवड्यातून एकदा शेतातच जमायचं, पेरणीपासून कापणीपर्यंत, रोपं बघायची, किडे मोजायचे आणि काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं. आपल्याकडे कृषी विभागही याच नावाने शेतीशाळा घेतो. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे तिथे शिकवणारा उत्तर देत नाही. तुम्ही विचारलं की हा किडा कुठला, तर तो विचारतो, कुठे सापडला, काय करत होता, अजून किती होते.

करायचं असं. चार-चार जणांचे गट पाडा. प्रत्येक गटाने शेतात तिरपं चालत जाऊन पाच झाडं निवडायची, काठावरची नाहीत आणि मुद्दाम खराब किंवा मुद्दाम चांगली बघूनही नाहीत. प्रत्येक झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत बघायचं, पानं उलटी करून बघायची, अर्धे किडे पानाखालीच असतात. किती पानं, किती किडकी, किती मावा, किती कोळी, मातीत बोट घातलं तर ओल किती, वाफसा (माती ओलसर पण भुसभुशीत) आहे की चिखल, सगळं लिहायचं. मग सावलीत येऊन मोठ्या ड्रॉइंग पेपरवर स्केच पेनने चित्र काढायचं. मधे झाड, एका बाजूला शत्रू किडे, दुसऱ्या बाजूला मित्र, वर ऊन की ढग, खाली जमीन. चित्र काढायला लोक लाजतात, आमच्या ड्रायव्हर भाऊंनी पहिल्यांदा काढलेला कोळी खेकड्यासारखा होता, पण चित्र काढताना पाय किती, पंख आहेत का, हे परत जाऊन बघावं लागतं आणि त्यातच किडा ओळखीचा होतो. फोटोने हे होत नाही, फोटो काढला की माणूस बघायचं थांबवतो.

मग प्रत्येक गटाने उभं राहून सांगायचं की काय दिसलं आणि आमच्या मते या आठवड्यात काय करावं. दोन किडींमागे एक मित्रकीटक असेल तर फवारणीची घाई नको असा ढोबळ नियम आहे, आम्हीही तोच धरून चालतो, पण पीक कुठल्या वयाचं आहे आणि हवा कशी आहे हे बघून. आमचा कडक नियम एकच, सगळ्यांनी आपलं बघितलेलं सांगून होईपर्यंत "काय मारायचं?" हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. हा प्रश्न आधी आला की बघणं तिथेच संपतं.

बाटलीतला प्रयोग

हे मुलांना घेऊन करा, फार मजा येते, आणि मोठ्यांना पटवायला याच्याएवढं सोपं काही नाही. रिकामी पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्या, त्यात माव्याने भरलेला वालाचा किंवा चवळीचा एक शेंडा ओल्या कापसात बुडखा गुंडाळून ठेवा, मावे अंदाजे मोजून घ्या, ढालकिड्याची एक अळी सोडा, तोंडावर मलमलचं फडकं आणि रबर. दुसऱ्या बरणीत तसाच शेंडा पण अळी नाही. दोन्ही सावलीत ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत मोजा. माझ्या मुलीने डायनिंग टेबलावर ठेवलं होतं आणि सकाळी उठल्या उठल्या ओरडली की आई, अळीवाल्या बरणीत मावा अर्धासुद्धा उरला नाही. असंच कोळी आणि तुडतुडे, असंच क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या हिरव्या मित्रकीटकाची, अळी. क्रायसोपाची अंडी बघितली नसतील तर जरूर शोधा, पानावर केसासारख्या बारीक देठांवर एकेक पांढरा ठिपका उभा असतो, आमच्या गच्चीवाल्या ताई ते बुरशी समजून पुसून टाकायच्या.

एकदम सगळ्या शेतावर नको, अर्धा वाफा

दुसऱ्याकडे काहीतरी चांगलं बघितलं की माणसाला वाटतं आपल्याकडेही लगेच सगळं तसंच करावं. नका करू. त्यांची जमीन वेगळी, पाणी वेगळं. एका वाफ्यात नवी पद्धत, शेजारच्या वाफ्यात तुमची नेहमीची, बाकी सगळं सारखं, बी तेच, दिवस तोच. आणि आधीच ठरवा की काय मोजणार, फुटवे (एका रोपाला बुंध्यातून फुटलेल्या काड्या) मोजणार, की तण काढायला किती तास लागले ते, की शेवटी किती पायली झालं ते.

आमच्या गटात पहिल्या वर्षी जमलेले तीन प्रयोग सांगते, कुणालाही करता येतील.

सगळ्यात सोपा भाताच्या बियाण्याचा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, म्हणजे तीन टक्क्यांचं द्रावण, त्यात बी टाकून ढवळायचं. पोचट, रोगट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, तळाशी बसलेलं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. खर्च जवळपास काहीच नाही. ड्रायव्हर भाऊंनी गावाला अंगणात घमेल्यात हे करून दाखवलं तेव्हा शेजारचे चार जण आपापल्या घरातलं बी घेऊन आले, आणि ज्याच्याकडचं सगळ्यात जास्त तरंगलं त्याने त्या वर्षी बियाणं बदललं.

दुसरा राबाचा. आपल्या रायगड-ठाणे-पालघर पट्ट्यात रोपवाटिकेच्या जागी पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून उन्हाळ्यात राब भाजतात. त्याने तण मरतं हे खरं आहे, म्हणून लोक सोडत नाहीत, पण त्यासाठी झाडांची कवळं, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडावी लागतात आणि जो पाला कुजून खत झाला असता तो जळून जातो. वहिनीने अर्ध्या जागेत राब भाजला, अर्ध्या जागेत न भाजता गादीवाफा (मातीचा उंच केलेला वाफा) करून शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख मिसळली. रोपं दोन्हीकडे सारखीच आली, गादीवाफ्यावरची उपटायला सोपी गेली, मुळं तुटली नाहीत. पण तण गादीवाफ्यात जास्त आलं आणि ते काढायला तिचे दोन दिवस गेले. तिने हे दोन दिवस गटात सांगितले, लपवले नाहीत, म्हणून पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी एक पाऊस पडू देऊन, तण उगवून आल्यावर ते खरवडून, मग पेरलं.

तिसरा चारसूत्रीतला, भातशेतीची डॉ. नारायण सावंतांची पद्धत आहे ती, कोकणात बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते पण केलेली नसते. भातात युरिया फेकला की आपल्या पावसात बराचसा वाहून जातो किंवा उडून जातो. म्हणून खुणा केलेल्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर धरून, चुडाला, म्हणजे एका जागी, दोन-तीन रोपं लावायची, आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एक गोळी, २.७ ग्रॅमची, ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. जोडीला लावणीच्या आधी गिरिपुष्पाचा पाला चिखलात. लावणीला वेळ जास्त लागतो, पहिल्या वर्षी बायका दोरीला कंटाळतात. म्हणून आम्ही सांगितलं, दोनच गुंठे करा, आणि त्या दोन गुंठ्यांसाठी सावड करा. सावड आपल्याकडे जुनीच आहे, आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. नवीन गोष्ट शिकायला सावडीसारखी दुसरी शाळा नाही, कारण पाच बायका एका रेषेत लावणी करत असतात तेव्हा जिला जमतंय तिचा हात बाकीच्या बघत असतात.

मुंबईकरांसाठी एक सांगायचं राहिलं. आपण गावाला जातो गणपतीत आणि शिमग्याला. गणपतीत हळवं (लवकर तयार होणारं) भात निसवत असतं, म्हणजे लोंब्या बाहेर पडत असतात, गरवं (उशिरा तयार होणारं) पोटरीत येत असतं, म्हणजे लोंबी अजून आत असते, म्हणजे फुटवे मोजायला आणि दोन वाफ्यांतला फरक बघायला हीच उत्तम वेळ. आरती झाली की सकाळी भावा-वहिनीबरोबर शेतावर एक फेरी मारा, वही बरोबर ठेवा. शिमग्याला वाल-चवळी आणि पुढच्या वर्षाचं बी. एवढ्या दोन फेऱ्या नीट केल्या तरी खूप कळतं.

फसलेलं आधी सांगायचं

आमच्या बैठकीची सुरुवात याने होते. प्रत्येकाने या महिन्यात काय बिघडलं ते आधी, काय जमलं ते नंतर. हे सुरू करायला कुणीतरी पहिलं बोलावं लागतं, आमच्याकडे मी बोलले. मला फोनवर एक मेसेज आला होता, साबणाचं पाणी फवारा, किडे जातात. ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी बाराला, मी गच्चीवरच्या अकरा वांग्यांवर फवारलं, साबणही अंदाजे. दोन दिवसांत पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या आणि पुढच्या आठवड्यात पानं गळली. संध्याकाळी, अगदी कमी प्रमाणात आणि आधी एका झाडावर करून बघितलं असतं तर हे झालं नसतं. मी हे सगळं खरं खरं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या ताईंनी सांगितलं की त्यांनी जीवामृत केलं होतं आणि त्यात अळ्या पडल्या, कारण त्यांच्या कागदावर गूळ एक किलो लिहिला होता आणि पाण्याचं प्रमाणच नव्हतं. मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याला आहे, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो गूळ, तेवढंच बेसन आणि मूठभर बांधावरची माती. त्यांनी तो एक किलो गूळ दहा लिटरच्या बादलीत टाकला होता.

तेव्हापासून कुठलाही उपाय गटात सांगायचा तर पाच गोष्टी सांगितल्याशिवाय सांगायचाच नाही: किती, कधी, कुठल्या पिकावर, कशा जमिनीत, आणि तुमच्याकडे काय चुकलं. "काहीच चुकलं नाही" असं कुणी म्हटलं तर बहुधा त्याने अजून केलेलं नसतं, कुणाकडून तरी ऐकलेलं असतं.

व्हॉट्सॲपचा उपयोग करा, पण त्याला लगाम घाला

ग्रुप लागतोच, महिनाभर थांबता येत नाही. आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड अजिबात चालत नाही, सणाच्या शुभेच्छासुद्धा नाहीत, याचा सुरुवातीला काही जणांना राग आला पण आता सगळे खूश आहेत. झाडाचा फोटो टाकायचा तर तीन टाकायचे, पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवायचं म्हणजे किडा केवढा ते कळतं. बरोबर पीक किती दिवसांचं आणि शेवटचं पाणी-खत कधी दिलं ते. ज्यांना टाईप करायला जमत नाही त्यांनी बोलून पाठवायचं, मावशी नेहमी बोलूनच पाठवते आणि तिचं बोलणं आम्ही वहीत उतरवून घेतो. फोन बदलला की मेसेज जातात, वही राहते, म्हणून वही हवीच.

आणि जिथे आपल्या कुणालाच कळत नाही तिथे अंदाज मारत बसू नका. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा टोल फ्री नंबर आहे, मराठीत बोलतात. कृषी विभागाची "आत्मा" यंत्रणा शेतकरी गटांना प्रशिक्षण आणि अभ्यास दौऱ्यांसाठी मदत करते, गावाकडे गट असेल तर तालुका कृषी कार्यालयात जाऊन नोंदणीची चौकशी करा. भातासाठी कर्जतचं संशोधन केंद्र आहे, पालघरकडच्यांना कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आहे, दोन्ही आपल्यापासून लांब नाहीत.

बियाण्याची देवाणघेवाण

पहिल्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्याकडचं एक तरी बी आणावं, त्याने ओळख लवकर होते. आमच्याकडे मावशीने पडवळ आणि कडू नसलेली काकडी आणली होती, काकांनी मिरची, वहिनीने वाल पाठवले होते. पुडीवर लिहायचं: नाव, कुणाकडून, कुठल्या महिन्यात काढलं, आणि शेजारी दुसरी जात होती का. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. भात, वाल, टोमॅटो यांचं बहुतेक स्वतःच्याच फुलात जमतं, त्यामुळे बी बऱ्यापैकी शुद्ध राहतं, पण काकडी, दुधी, पडवळ, मका यांचे परागकण मधमाश्यांनी किंवा वाऱ्याने इकडेतिकडे जातात, त्यामुळे जवळ दुसरी जात असेल तर पुढच्या वर्षी भलतंच येतं आणि मग लोक देणाऱ्याला नावं ठेवतात. बाजारातलं हायब्रीड असेल तर त्याचं बी देऊच नका, पुढच्या पिढीत ते एकसारखं येत नाही.

बी देण्याआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडून गुंडाळी करून ठेवा, ओल टिकवा, आठवड्याने मोजा. सत्तरच्या खाली उगवले तर तसं सांगून द्या म्हणजे घेणारा जास्त पेरेल. आमचा नियम आहे की मूठभर घेतलं तर पुढच्या वर्षी दोन मुठी परत, एक देणाऱ्याला, एक गटाच्या डब्यात.

कुणी विचारलं की असं बियाणं वाटणं कायद्याने चालतं का, तर २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचाही हक्क दिलाय, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी बियाणी घरात राखून, बायकांना वाटून एवढं काम उभं केलं की २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईचं ज्ञान किती मोठं असतं हे आपल्याला अजून पुरेसं कळलेलं नाही असं मला नेहमी वाटतं.

दुसऱ्याच्या शेतावर जाताना

वर्षातून एक-दोन लांबच्या फेऱ्या ठेवा. आम्ही नेरळला सगुणा बागेत गेलो होतो, दादरहून सकाळची कर्जत लोकल पकडली की काम झालं. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक, पद्धत विकसित केलीय, एकदाच गादीवाफे करायचे, नंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही, साच्याने अंतर धरून थेट टोकण करायची आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. हाताने माती उकरून बघा, जुन्या मुळांच्या जागी पोकळ्या आणि गांडुळं दिसतात. यात तणासाठी तणनाशक वापरतात, आमच्यातल्या दोघांना ते पटलं नाही आणि त्यांनी तिथेच विचारलं, परतीच्या गाडीत कल्याण येईपर्यंत त्यावरच वाद चालला होता. असा वाद होऊ द्या. न पटलेलं बोलून दाखवणारी माणसं गटात असली की बाकीचे दहा जण जास्त नीट विचार करतात.

जाण्याआधी प्रत्येकाने एकेक प्रश्न लिहून न्यावा, आणि "उत्पन्न किती?" याच्याआधी "सुरुवातीला काय काय चुकलं?" हे विचारावं.

आता एक गोष्ट जी मला मनापासून सांगायचीय. आम्ही पहिल्या पावसाळ्यात पाड्यावर मावशीकडे रानभाज्या ओळखायला गेलो. तिने टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी दाखवली, शेवळं खाजू नयेत म्हणून बरोबर काकड नावाच्या झाडाची फळं घालायची ते सांगितलं, कंटोळीचा वेल मुळापासून उपटायचा नाही, कंद जमिनीत राहिला की पुढच्या वर्षी तो परत येतो हे दाखवलं. तीन तास. आम्ही सगळे खूश होऊन थँक्यू म्हणून निघालो. नंतर काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तिचा आजचा बाजार बुडाला, ते कुणी बघितलं का?" रविवारी ती स्टेशनबाहेर भाजी विकायला बसते, तोच तिचा मोठा दिवस असतो. मला फार वाईट वाटलं. आता ज्याच्याकडे शिकायला जातो त्याच्या दिवसाचे पैसे आम्ही सगळे मिळून आधी देतो, वर त्याची भाजी विकत घेतो. फोटो विचारून काढतो. आणि कुठली भाजी कुठल्या जागी मिळते ते कुठेही टाकत नाही, कारण असं टाकलं की पुढच्या आठवड्यात गाड्या भरून लोक येतात आणि ओरबाडून नेतात. तिने आम्हाला विश्वासाने दाखवलंय.

सीझनच्या शेवटी परीक्षा

घाबरू नका, ही परीक्षा शेतातच असते, शेतीशाळेतलीच पद्धत आहे. वाडीत दहा ठिकाणी काठ्या रोवायच्या, प्रत्येक काठीला एक पुठ्ठा, त्यावर प्रश्न आणि तीन उत्तरं, आणि प्रश्नातली वस्तू खरीखुरी तिथेच हवी. पान दाखवायला दोरी बांधून त्या पानापर्यंत न्यायची. "हे पान कशाने खाल्लं?" "या मातीला आज पाणी द्यायचं का?" "हे बी पेरायला ठेवाल का?" प्रत्येकाने चिठ्ठी डब्यात टाकायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तीन डब्यांवर तीन रंग, एकाने प्रश्न वाचून दाखवायचा. सीझनच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा घेतली की काय शिकलो ते आपोआप कळतं, आणि कुठला प्रश्न सगळ्यांचा चुकला त्यावरून पुढच्या वर्षी काय बघायचं ते ठरतं. आमचा पहिल्या वर्षी मातीच्या ओलीचा प्रश्न जवळपास सगळ्यांचा चुकला, गच्चीवाल्यांचा तर हमखास, आम्ही गरजेपेक्षा फार पाणी घालतो.

गेल्या फेब्रुवारीत प्रश्न काढायचं काम काकांकडे होतं. सहा नंबरच्या काठीला त्यांनी वालाचा एक शेंडा बांधला होता, त्यावर मावा आणि ती काळी-नारिंगी अळी, खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, "हिला मारायचं का?" आणि दोन शाळकरी मुलं आधीच तिथे उकिडवी बसून बघत होती.